हवा मोजण्याचा व्यवसाय

खाण अभियांत्रिकीची पदवी हातात पडली की माणूस खाण चालवायला मोकळा झाला, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. तसं नसतं. पदवी विद्यापीठ देतं. खाणीत जबाबदारीची जागा घ्यायची तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची, म्हणजे धनबादच्या डीजीएमएसची, प्रमाणपत्रं लागतात. प्रथमोपचार, गॅस टेस्टिंग, ठरावीक काळाचा जमिनीखालचा अनुभव, त्यावर सेकंड क्लास मॅनेजर आणि पुढे फर्स्ट क्लास. माझी पदवी नागपूरची, नव्वदच्या दशकातली. त्यानंतर वर्धा खोऱ्यातल्या भूमिगत कोळसा खाणींत नोकरी केली आणि मग स्वतःची सल्लागार कंपनी काढली. भूमिगत खाणींमधली हवा मोजायची आणि ती वाटेत कुठं मुरते ते सांगायचं, हे तिचं मुख्य काम. हे सगळं कसं घडत गेलं असं तरुण इंजिनीअर बरेचदा विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आमच्या वेळी गॅस टेस्टिंगची परीक्षा ज्योतीच्या सुरक्षा दिव्यावर होत असे. १८१५ साली हम्फ्री डेव्हीनं बनवलेल्या दिव्याचाच हा सुधारलेला वारस. वात खाली करत करत पिवळी ज्योत जवळजवळ दिसेनाशी करायची. हवेत मिथेन असेल तर त्या उरलेल्या ठिपक्यावर फिकट निळी टोपी चढलेली दिसते. मिथेन वाढेल तशी टोपी उंच आणि टोकदार होत जाते, आणि तिच्या उंचीवरून टक्केवारी सांगायची. अंधाराला डोळे सरावले नसतील तर टोपी दिसतच नाही. दिवा छताकडे अगदी सावकाश न्यायचा, कारण मिथेन हवेपेक्षा हलका, तो वरच साठतो. ज्योत अचानक उंच झाली तरी दचकून दिवा खाली ओढायचा नाही, तितक्याच सावकाश खाली आणायचा. कोळसा खाणींच्या नियमांत १.२५ टक्के ही सीमा आहे. त्यावर गेलं की त्या जागची वीज तोडायची आणि माणसं मागे घ्यायची. मिथेनचा स्फोट साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान होतो, म्हणजे मधलं अंतर मुद्दाम राखलेलं आहे. हे पुस्तकात वाचलेलं होतं. पण ती निळी टोपी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर त्या दशांश चिन्हापुढच्या आकड्यांबद्दल मनात जो आदर बसला तो आजतागायत आहे.

खरं शिक्षण मात्र सिरदारांकडून, म्हणजे पाळीत कामाच्या जागेची सुरक्षा तपासणाऱ्या मुकादमांकडून झालं. ज्या सिरदारांच्या हाताखाली मी पहिले महिने फिरलो त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणू लागलो. छत तपासायची त्यांची पद्धत अशी : एका हातानं काठी छतावर मारायची आणि दुसऱ्या हाताची बोटं तिथंच जवळ छताला टेकवायची. भरीव छत खणखणीत वाजतं. सुटलेल्या थराचा आवाज पोकळ येतो, आणि आवाज फसवा निघाला तरी बोटांना कंप कळतो. मी पहिल्यांदा नुसतीच काठी मारली तेव्हा ते म्हणाले, "साहेब, छत बोलते जी, पण घाई केली का ऐकू येत नाही. बोटं लावा." मग त्यांनी माझा हात धरून छताला लावला. आजही कुठल्याही खाणीत गेलो की मापं घ्यायला उभं राहण्याआधी मी आणि माझी माणसं हेच करतो.

मॅनेजरच्या परीक्षांबद्दल थोडक्यात. खाणकाम, वायुवीजन, यंत्रं, सर्वेक्षण आणि कायदा असे विषय, आणि शेवटी तोंडी परीक्षा. कायद्याच्या पेपरची सगळ्यांना धास्ती असते, कारण नियम शेकड्यांनी आणि प्रत्येकात अंतर, उंची, टक्केवारी. पाठ करायला गेलं तर टिकत नाही. मी प्रत्येक नियमामागचा अपघात शोधून वाचायला लागलो आणि सगळं सोपं झालं. पाणी भरलेल्या जुन्या कामांपासून, म्हणजे आधीच्या सोडून दिलेल्या खोदकामापासून, ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, हा नियम. २७ डिसेंबर १९७५ ला चासनाला खाणीत पाणी घुसून ३७५ माणसं गेली, हे ज्यानं वाचलंय तो ६० चा आकडा विसरणार नाही. तोंडी परीक्षेत मला नेमकं जुन्या कामांच्या नकाशांवरच विचारलं गेलं. नकाशा अपुरा असेल तर काय करणार? पुढे भोकं पाडून चाचपत जाणार, असं मी सांगितलं. "आणि नकाशा पुरा आहे असं वाटत असेल तर?" त्यावर बराच वेळ चर्चा झाली. पुरा वाटणारा नकाशाही जागेवर जाऊन तपासायचा, हे तिथं पक्कं झालं.

फर्स्ट क्लास मिळाल्यावर जबाबदारी बदलते. कायद्यानुसार प्रत्येक खाणीला एक व्यवस्थापक असतो आणि खाणीच्या कारभाराला तो स्वतः, नावानिशी उत्तरदायी असतो. इथं कायदा नुसत्या कंपनीला नाही, माणसाला ओळखतो. मला हे ओझं कधी वाटलं नाही. पण प्रत्येक पाळीला किती माणसं आत आहेत हा आकडा झोपेतही डोक्यात असायचा.

वायुवीजनाकडे मी वळलो त्याचं कारण एक साधं कोडं होतं. वर पंखा भरपूर हवा ओढतोय, मोटर पूर्ण ताकदीनं चालतेय, आणि शेवटच्या फेसवर, म्हणजे जिथं कोळसा कापला जातो तिथं, उभं राहून चिमूटभर धूळ सोडली तर ती सरळ खाली पडतेय. हवा जाते कुठं? कोळशाचे खांब मागे ठेवत रस्ते काढायच्या, म्हणजे बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या खाणीत आत येणारा वारा आणि बाहेर जाणारा वारा यांच्यामध्ये शेकडो जोडमार्ग असतात. ते भिंती घालून बंद करावे लागतात. त्या भिंतींना तडे जातात, दारं उघडी राहतात, वारा वळवायला लावलेलं ब्रॅटिसचं कापड फाटतं. प्रत्येक ठिकाणी थोडी हवा शॉर्टकट मारून परत जाते. फेसपर्यंत निम्मीसुद्धा पोहोचत नाही, अशा खाणी मी भरपूर पाहिल्या.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे मोठा पंखा मागवणे. इथं गणित आडवं येतं. हवा दुप्पट करायची तर दाब चौपट लागतो आणि शक्ती आठपट. विजेचं बिल बाजूला ठेवलं तरी वर्धा खोऱ्यातला कोळसा जाड थराचा आणि आपोआप तापणारा आहे. दाब वाढवला की कोळसा काढून झालेल्या रिकाम्या जागेत, म्हणजे गोफमध्ये, भिंतींच्या फटींतून जास्त हवा शिरते, तिथल्या सुट्या कोळशाला तेवढाच ऑक्सिजन मिळतो आणि तो तापायला लागतो. म्हणजे माणसांना हवा मिळावी म्हणून आणलेला पंखा आग लावू शकतो. हे लक्षात आल्यावर मला खरा प्रश्न दिसला. आहे ती हवा वाटेत कुठं अडते आणि कुठं गळते, हे मोजून दाखवणारं कुणी हवं होतं. एका खाणीत हवेच्या परतीच्या रस्त्यावर छत कोसळून वाट निम्मी झाली होती. क्षेत्रफळ निम्मं झालं की त्या तुकड्याचा रोध पाच-सहा पटींनी वाढतो. पंख्याचा बराचसा दाब त्या एवढ्याशा तुकड्यातच खर्च होत होता. ढिगारा उचलला, आधार दिले, दोन भिंती नव्यानं गिलावा करून घेतल्या, आणि पंखा होता तोच ठेवून फेसवर वारा जाणवू लागला. त्या दिवशी तिथले लोडर कामगार टोपी काढून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले होते. नोकरी सोडून याच कामाची कंपनी काढावी हा विचार तिथून सुरू झाला.

कंपनी काढणं कागदावर सोपं आहे. आधी एकट्याच्या नावावर, पुढे प्रायव्हेट लिमिटेड. पॅन, कर नोंदणी, बँकेचं खातं ही कामं होऊन जातात. अवघड असतं ते पहिलं काम मिळणं. निविदेत लिहिलेलं असतं : अशाच स्वरूपाच्या कामाचा पूर्वानुभव आणि गेल्या तीन वर्षांची उलाढाल. नव्या कंपनीकडे दोन्ही नसतं. मी एका प्रस्थापित सल्लागारांकडे उपकंत्राटावर मापं घ्यायला गेलो, तेही भूमिगत मँगनीज खाणीत. तिथं मिथेनची चिंता नव्हती, उष्णतेची होती. ओल्या बल्बचं (ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचं) तापमान ३०.५ अंशांच्या वर गेलं की वाऱ्याचा वेग सेकंदाला किमान १ मीटर हवा, आणि ३३.५ अंशांच्या वर ते जाताच कामा नये. घामानं शाई पसरते म्हणून आम्ही नोंदी पेन्सिलनं लिहायचो, अजूनही तसंच करतो. पेन्सिलनं लिहिलेलं खोडायचं मात्र नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, वर नवा आकडा लिहायचा आणि शेजारी आद्याक्षरं. पहिल्या मदतनिसापासून हा शिरस्ता पाळला गेला.

भांडवल कशात घालायचं याबद्दल तेव्हा मला बरेच सल्ले मिळाले. ऑफिस नीट हवं, गाडी हवी. मी बहुतेक पैसे उपकरणांत आणि त्यांच्या कॅलिब्रेशनमध्ये घातले. वाऱ्याचा वेग मोजणारा फिरत्या पात्यांचा ॲनिमोमीटर दिसायला क्षुल्लक असतो, पण पातं थोडं जरी वाकलं तरी आकडा बदलतो. तो हात लांब करून धरायचा, स्वतः वाऱ्याला आडवं न येता बाजूला उभं राहायचं, आणि एक मिनिट सगळ्या छेदावरून एकसारख्या गतीनं फिरवायचा. मधोमध धरला तर वेग जास्त दिसतो, कडेला कमी. तीन वाचनं जुळली नाहीत तर पुन्हा. दाबाच्या सर्वेक्षणाला लांबलचक नळी आणि दाबातला फरक मोजणारा तिरका मॅनोमीटर, बरोबर दोन माणसं आणि भरपूर धीर. गॅस असलेल्या खाणीत साधा मोबाईल किंवा कॅमेरा नेता येत नाही, मंजुरी मिळालेलीच उपकरणं चालतात. त्यामुळे नवीन काही दिसलं की लगेच विकत घेऊन वापरलं, असं या धंद्यात होत नाही. ते योग्यच आहे.

आता एक प्रसंग, ज्यानं कंपनीला वळण दिलं. एका कोळसा खाणीत परतीच्या हवेत मिथेन ०.८ टक्के आला. वायुवीजनाच्या प्रत्येक विभागाच्या परतीच्या हवेत ०.७५ पेक्षा जास्त चालत नाही. अहवालाचा मसुदा गेला आणि तिथल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. "सर, एवढ्याशा फरकासाठी काम थांबवता का? ०.७ लिहा, पुढच्या महिन्यात सगळं ठीक करतो." मी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की त्यांच्या स्वतःच्या मापात कधीच ०.६ च्या वर आलं नव्हतं. हे मला खरं वाटलं आणि म्हणूनच विचार करावासा वाटला. दोघांचीही मापं बरोबर असतील तर? आमच्या नोंदवहीत त्या दिवसाचा बॅरोमीटर होता, पावसाळी हवा, दाब झपाट्यानं उतरलेला. बाहेरचा दाब उतरला की गोफमध्ये साचलेला वायू भिंतींतून बाहेर झिरपतो. त्यांची मापं कोरड्या, चढत्या दाबाच्या दिवसांतली होती. मी त्यांच्याच माणसांना सोबत घेऊन दाब उतरत असताना पुन्हा मोजू या म्हटलं. मोजलं, पुन्हा ०.७५ च्या वर आलं. मग त्या विभागाची हवा वाढवली गेली आणि दाब उतरेल तेव्हा जादा तपासणी सुरू झाली. आमचं बिल मात्र दीर्घकाळ अडकलं.

त्यानंतर आमच्या प्रत्येक अहवालात मापाच्या वेळचा हवेचा दाब आणि तो चढता होता की उतरता, याचा रकाना असतो. काही ग्राहक या रकान्यामुळे गेले. जे राहिले ते अजून आहेत.

बिलांविषयी नव्या उद्योजकांनी एवढं माहीत करून घ्यावं : २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे मागता येते. मी एकदा मागितली, पैसे आले, वेळ बराच गेला. पण नोंदणी पहिल्या दिवशीच करून ठेवावी. पगार पहिल्या तारखेला द्यायचे असतात आणि बिलं कधीच पहिल्या तारखेला येत नाहीत.

पुढे कामाचा पसारा वाढला. पोलाद, सिमेंट, वीज कंपन्यांना स्वतःच्या वापरासाठी कोळसा ब्लॉक मिळाले होते. त्यांना खाण आराखडे हवे होते, आणि आराखडा करायला मान्यताप्राप्त व्यक्ती लागायची. ती पात्रता माझ्याकडे होती. नकाशे, भूवैज्ञानिक मॉडेल, वायुवीजनाची रचना असं सगळं आम्ही एकाच छताखाली करू लागलो. मग २०१४ आलं. २५ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप बेकायदेशीर ठरवलं आणि २४ सप्टेंबरला दोनशेहून अधिक ब्लॉक रद्द केले. चालू आणि चालू होण्याच्या बेतात असलेल्या ४२ खाणींना ३१ मार्च २०१५ पर्यंत मुदत होती, बाकीचे तत्काळ गेले. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. ज्या पद्धतीनं वाटप झालं होतं त्याची चिकित्सा व्हायलाच हवी होती. पण आमच्या टेबलावर अर्धवट आराखडे होते, ज्यांना आता मालकच नव्हता, आणि त्यांचे हप्ते बुडाले.

मी सगळ्यांना बसवून हिशेबाची वही उघडून दाखवली. खात्यात किती आहेत, पगार किती महिने निघतील, कोणतं बिल येण्याची शक्यता आहे आणि कोणतं नाही. माझं आणि सहसंचालकांचं मानधन बंद केलं. ज्यांना दुसरीकडे संधी होती त्यांना मनापासून जायला सांगितलं. दोघे गेले, बाकीचे थांबले. चालू खाणींची हवा मोजायची असतेच, ब्लॉक कुणाचेही असोत. त्यामुळे पंखे, भिंती, गोफचे नमुने या मूळ कामावर आम्ही टिकलो. विशेषतः बंदिस्त गोफमधल्या हवेचं विश्लेषण. त्यात कार्बन मोनॉक्साइड किती तयार झाला आणि ऑक्सिजन किती खर्ची पडला, यांचं गुणोत्तर काढतात. अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर चिंता नाही, १ च्या वर शंका, २ ला गंभीर तापणं, ३ च्या पुढे आग धरून चालायचं. आकडा एकच पाहून काही कळत नाही, आठवड्या-आठवड्याला तो कुठं चाललाय ते पाहावं लागतं. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते चोख करणारे कमी आहेत, म्हणून ते आम्हाला मिळत राहिलं. २०१५ च्या नव्या कायद्यानं लिलाव सुरू झाले, नवे मालक आले, आराखड्यांचं कामही हळूहळू परत आलं.

आज कंपनीत वायुवीजनाची सगळी जाळी संगणकावर उभी केली जातात. पंखा बदलला, नवा रस्ता फोडला तर काय होईल ते आधी दिसतं. हे काम करणाऱ्या आमच्या वरिष्ठ अभियंता एक बाई आहेत. त्यांनी वर्षानुवर्षं खाणी फक्त पडद्यावर पाहिल्या, कारण १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ नं स्त्रियांना भूमिगत कामाला मनाई होती. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनं तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामासाठी, लेखी संमतीनं, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत मुभा मिळाली. ज्या बदलाची मी इतकी वाट पाहिली असे बदल फार थोडे.

त्या पहिल्यांदा उतरल्या ती खाण त्यांच्या मॉडेलमध्ये तोंडपाठ होती. एका जोडमार्गापाशी थांबून म्हणाल्या, "सर, इथं दोन दारं आहेत ना? एकाच वेळी दोन्ही उघडी कशी?" हॉलेजचा, म्हणजे टब (कोळशाचे डबे) ओढायचा, दोर तिथून जात होता, टब अडकू नयेत म्हणून दोन्ही दारांना लाकडाचे ठोकळे लावून ठेवलेले. नकाशावर, मॉडेलमध्ये आणि ओव्हरमनच्या, म्हणजे सिरदारांच्या वरच्या पर्यवेक्षकांच्या, नोंदीतही दारं बंद होती. ओव्हरमन संकोचले, मग म्हणाले, "मॅडम, दार लावलं का दोर घासते. दर पाळीला ठोकळा काढायचा कोणी?" अडचण खरीच होती. बाईंनी तिथंच बसून दोराची उंची, टबाची रुंदी, दारांमधलं अंतर मोजलं. दोरासाठी खाच आणि तिला रबरी झडप, दोन दारांमध्ये टबांची अख्खी रांग मावेल एवढं अंतर, म्हणजे एक दार कायम बंद राहील, असा उपाय त्यांनी सुचवला. खाणीच्या कार्यशाळेनं दारं बनवली. पुढच्या सर्वेक्षणात त्या विभागाच्या फेसवरची हवा नियमानं हवी तेवढी भरली. सर्वांत मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर, किंवा रोजच्या दर टन उत्पादनामागे २.५ घनमीटर, यातलं जे जास्त असेल ते. सध्या त्या खाणीच्या बाकीच्या दारांचं काम चालू आहे आणि ते पूर्ण झालं की मॉडेल नव्यानं बांधायचं आहे, या वेळी जागेवरच्या मापांवरून.